पाण्यातली शेपू

धुण्याच्या दगडावर पांढराशुभ्र फेस साचला होता आणि त्या फेसात आक्कानं मुठीत काय आवळून धरलंय हे मानसिंगला क्षणभर कळलंच नाही. मग तिनं मूठ सैल केली आणि माशांच्या टाकीच्या फिल्टरचा स्पंज फुगून वर आला. निळा. दुकानातून आणला त्या दिवशी होता तसा. त्याचा मूळ रंग निळा होता हे मानसिंग विसरूनच गेला होता. शेजारी घमेल्यात टाकीतली वाळू होती, तीही धुतलेली, निवडलेल्या तांदळासारखी. "उठलास व्हय?" त्याची ही थोरली बहीण, साखरबाई, मान वर न करता म्हणाली. "पहिल्या गाडीनं आले. म्हनलं रोहिणीला काय झेपायचं न्हाय, आपुन तरी चार भांडी घासून ठिवावी. आन् ह्यो बादलीत काय चिखुल ठिवलावतास रं? घासून घासून हात भरून आले, तवा कुठं रंग दिसला. नव्या घरात असली घाण न्यायाची असती का?" मानसिंगच्या ओठांपर्यंत काहीतरी आलं. तोंडातून बाहेर पडलं ते मात्र, "बरं झालं, आक्का." ते शब्द कुणा दुसऱ्यानेच उच्चारल्यासारखे त्याला ऐकू आले. फेस मोरीतून वाहत वाहत जाईच्या आळ्यात शिरला आणि तिथं बुडबुडे होऊन फुटत राहिला. तो उभा राहून ते फुटणं बघत राहिला.

ती बादली त्यानं आदल्या संध्याकाळी भरून ठेवली होती. टाकीतलंच पाणी, त्यात स्पंज आणि वाळू, वर ओलं फडकं. पुस्तकात तसंच लिहिलं होतं आणि मानसिंगचा पुस्तकांवर जेवढा विश्वास होता तेवढा स्वतःवर कधीच नव्हता. शाळेच्या ग्रंथालयात सगळी नोकरी गेली. परत आलेल्या पुस्तकांची मुडपलेली पानं सरळ करणं, यापलीकडे आपण काही केलं का, असं त्याला अलीकडे वाटे. पण ह्या टाकीपायी त्यानं मिळेल ते वाचलं होतं. स्पंजात साचतो तो तपकिरी, बुळबुळीत गाळ म्हणजे घाण नव्हे. त्यात डोळ्यांना न दिसणारी एक वस्ती नांदत असते, माशांची घाण खाऊन पाणी राखणारी. ती वस्ती उठली की पाणी दिसतं आरशासारखं, पण दोन-तीन दिवसांत आतल्या आत विषारी होत जातं. मासे वर येऊन तोंडं उघडू लागतात, पानं विरघळतात. हे सगळं त्याला पाठ होतं, आणि आक्कासमोर त्यातला एक शब्द उच्चारता आला नव्हता. त्यानं स्पंज हळूच उचलला, पिळला आणि बायकोच्या, रोहिणीच्या नजरेला पडू नये म्हणून पिशवीत तळाशी घातला. रोहिणी आत खुर्चीवर शाल गुंडाळून बसली होती. खिडकीतून तिला अंगण दिसत होतं की नाही, कुणास ठाऊक.

टाकी रोहिणीची होती. मूत्रपिंडांनी काम सोडल्यावर डॉक्टरांनी तिच्या पाण्याला माप घालून दिलं. दिवसाला एवढंच, त्यात चहा, आमटी, गोळ्यांबरोबरचा घोटसुद्धा धरायचा. जन्मभर उसाच्या पाटाकडेला राहिलेली बाई. आता पितळी फुलपात्रातलं पाणी दिवसभर पुरवून पुरवून पीत होती. आठवड्यातून तीनदा भवानीनगरहून बारामतीला डायलिसिसच्या मशीनवर जायचं, परत येताना बसच्या खिडकीतून कालव्याकडे बघत बसायचं. कालवा संपला की ती डोळे मिटून घेई. असंच एकदा परतताना स्टँडजवळच्या दुकानात ती काचेसमोर उभी राहिली आणि गाडी चुकली तरी हलली नाही. "बघितलं की जरा भागती," ती म्हणाली. काय भागती हे मानसिंगनं विचारलं नाही. टाकी घरी आली. दुकानदारानं झाडांची लांबलचक इंग्रजी नावं सांगितली होती, ती मानसिंगनं लिहून घेतली. पण रोहिणीनं तिथल्या तिथं त्यांचं बारसं केलं. बारीक, दोऱ्यासारख्या पानांची ती शेपू. गोल पानांची ती मेथी. आणि कालव्याच्या चारीतून तिनं स्वतः उपटून आणलेली, लांब हिरव्या फितींची, ती कांद्याची पात. "जरा शेपू खुडायला पाहिजे, वर आली," ती म्हणे, तेव्हा पाहुण्यांना वाटे परसात वाफा आहे. गप्पी माशांना पिल्लं झाली, टाकीत मावेनात, तेव्हा ती अंगणातल्या सिमेंटच्या हौदात सोडली. हौदाच्या तळाला एक भोक होतं, त्यातून ती निसटू नयेत म्हणून रोहिणीनं फिल्टरचा जुना स्पंज त्यात दाबून बसवला. तेव्हा ती अजून वाकू शकत होती.

आणि तेव्हापासून ह्या घरात आणखी एक रीत पडली होती, कुणी न सांगता. रोहिणीसमोर कुणी पाणी पीत नसे. मानसिंग स्वयंपाकघरात जाई, दाराआड उभा राही, तांब्या भांड्याला लागू न देता पाणी ओती आणि आवाज न करता गिळे. कितीही तहान लागली तरी घटाघट पीत नसे. आल्यागेल्याला तो हळूच खूण करून आत नेई. आक्कालाही त्यानं पहिल्यांदाच बजावून ठेवलं होतं. दाराआड पाणी पिताना त्याला दर वेळी काहीतरी चोरल्यासारखं वाटे, पण ह्यापेक्षा बरं काही आपल्याला सुचणार नाही, असंही वाटे. आता हे सारखं जाणं-येणं तिच्या अंगाला सोसेना, म्हणून बारामतीतच, जळोचीत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या होत्या. घर सोडायचं ठरलं तेव्हा रोहिणी रडली नाही. जाई राहू दे म्हणाली, हौद राहू दे म्हणाली, जातं वन्संना द्या म्हणाली. मग टाकीकडे बघत म्हणाली, "हे तेवढं जितं न्या. मला दुसरं कायबी नको." आणि मानसिंग, ज्यानं जन्मात कुणाला ठामपणे काही कबूल केलं नव्हतं, म्हणाला होता, "नेतो."

साखरबाईचा मुलगा सूरज आपला छोटा हत्ती टेम्पो घेऊन आला. रोहिणी त्याच्या शेजारी पुढं बसली, मानसिंग आणि आक्का मागं, सामानात. टाकी वाकळेत गुंडाळलेली, झाडं ओल्या वर्तमानपत्रात, मासे झाकणाच्या बादलीत, आणि जुनं पाणी दुधाच्या दोन किटल्यांत. "हळू घे रे," मानसिंग दर खड्ड्याला म्हणे. शेवटी सूरजनं खिडकीतून मान बाहेर काढली. "मामा, ह्या चालीनं निघालो तर जळोची येईस्तवर मासं म्हातारं व्हतील. पेन्शन कुठनं द्यायची त्यास्नी?" पुढं रोहिणी हसल्याचं मानसिंगला ऐकू आलं. गाळपाचा हंगाम होता, हवेत गुळकट, आंबूस वास होता, उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी रांगत होती. आक्कानं बादली दोन्ही पायांत धरली होती आणि पाणी हिंदकळलं की ती झाकणावर तळहात ठेवी. कोकराच्या पाठीवर ठेवावा तसा. मानसिंगला तो हात ओळखीचा वाटला. दिवाळी झाली की आबा, म्हणजे त्यांचे वडील म्हस्कू, मेंढरं घेऊन निघत. घोड्याच्या पाठीवर भांडी, वाकळा, खुराडं आणि सगळ्यात वर जाळीत घातलेली नुकती जन्मलेली कोकरं, नुसती तोंडं बाहेर. आठ-दहा वर्षांची आक्का घोड्याच्या बाजूनं चाले, एक हात वर, जाळीला टेकू दिलेला. दिवसभर. मुक्काम उठला की आई सगळी भांडी राखेनं लख्ख घासून घेई. मागच्या जागेचं दुखणं पुढच्या जागी न्यायचं नाही, म्हणे. त्याला हे सगळं ऐकून माहीत, थोडं पाहून. कारण चौथीनंतर त्याला इंदापूरला वसतिगृहात ठेवलं, एकट्यालाच. घरातला कुणीतरी एक शिकावा म्हणून. कुणीतरी एक म्हणजे तो का, आक्का का नाही, हा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नाही. त्याला पडला तो फार उशिरा, आणि पडून नुसताच राहिला.

मेंढरं इंदापूरच्या बाजूनं जायची तेव्हा आक्का वसतिगृहात यायची. बोलायची फारसं नाही. आली की आधी त्याची पेटी उघडायची, सगळे कपडे काढायची आणि नळावर नेऊन धुवायची. सोडा घालून, दगडावर आपटून, पुन्हा पुन्हा. खाकी चड्डीचा रंग उडाला, सदऱ्याच्या खिशावर शाळेचं नाव छापलेलं होतं ते पुसून गेलं, मास्तरांनी छडी मारली. पुढच्या खेपेला ती आली तेव्हा त्यानं काही सांगितलं नाही. कपडे वाळेपर्यंत ती भिंतीला टेकून बसे आणि म्हणे, वाच की एखादा धडा. तो वाची. ती डोळे मिटून ऐके, तिच्या बोटांची टोकं पाण्यानं सुरकुतलेली असत. तीच बोटं आता बादलीच्या झाकणावर होती, तशीच सुरकुतलेली, सकाळपासून स्पंज धुऊन. तिला काय सांगायचं? की तू धुतलंस म्हणून आता हे सगळं मरेल? तिला दुसऱ्या कुठल्या रीतीनं माया करता येत होती? आणि न सांगावं तर पुढं, काचेपलीकडे, रोहिणीचं डोकं दर धक्क्याला हलत होतं. मानसिंगला वाटलं, आपण जन्मभर दोन माणसांच्या मधल्या दाराआडच उभे राहिलो.

जळोचीतलं घर नव्या रंगाच्या वासाचं होतं. एका खिडकीतून इमारतींच्या ओल्या विटा दिसत, दुसरीतून कुणाच्या तरी मक्याच्या शेताचा तुकडा, दोन्हीकडून इमारतींनी दाबत आणलेला. टाकी रोहिणीच्या खुर्चीसमोर मांडली. ती बसल्या जागेवरून सांगत होती, "पात मागं लावा. मेथी पुढं. आन् शेपू डाव्या हाताला, तिथं तिला बरं वाटतं." मानसिंग कोपरापर्यंत हात पाण्यात घालून लावत होता. किटल्यांतलं जुनं पाणी आधी, मग शिळं करून ठेवलेलं नळाचं. मासे सोडले. साखरबाई कमरेवर हात ठेवून मागं सरली. "बघा कसं निवळशंख दिसतंय! तितं ह्ये असं कवा तरी दिसलं व्हतं का?" रोहिणी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "लई निवळ हाय." तिच्या आवाजात काय होतं ते मानसिंगला लागेना. त्यानं ते दोन शब्द मनात घोळून घोळून पाहिले, आणि प्रत्येक वेळी त्यांचा अर्थ वेगळा निघाला.

आक्का घर लागेस्तोवर राहणार होती. ते दिवस मानसिंगनं चोरासारखे काढले. रोहिणी मशीनवर असली, किंवा दुपारी डोळा लागला, की तो मगानं टाकीतलं थोडं पाणी काढी आणि थोडं नवं घाली. मशीनच्या खोलीबाहेर बाकावर बसून त्याला वाटे, आत तिचं रक्त नळीतून बाहेर जातं, कुठंसं स्वच्छ होतं, परत येतं. आणि घरी त्या पाण्याचं तेवढं कुणी करत नाही. मग त्याला हा विचार पुस्तकी वाटे. आजारी माणसाची अशी उपमा करणं बरं नव्हे, असं वाटून तो उगीच समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसे. आणि एका सकाळी मासे वर आले. सगळे एकदम, पाण्याच्या कातडीला तोंडं लावून. शेपूची खालची पानं पिवळी पडून काचेला चिकटली होती. मानसिंगनं फडकं घेतलं आणि खोलीकडे पाठ करून टाकीसमोर उभा राहिला, काच पुसत असल्यासारखा. खुर्चीचा आवाज झाला. रोहिणी येऊन बसली होती.

"अहो, जरा बाजूला व्हा."

"धूळ बसलीय. पुसतोय."

"नव्या घरात कसली आलीय धूळ? व्हा बाजूला. मला दिसतंय सगळं." तो बाजूला झाला. ती माशांकडे बघत होती, तिच्या कोरड्या ओठांची किंचित हालचाल झाली. "स्पंज निळा झाला होता," ती म्हणाली. "त्या दिवशी खिडकीतनंच बघितला मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही 'बरं झालं' म्हणालात. आता नवराच बरं झालं म्हणतोय म्हटल्यावर मी काय बोलणार?" ती हसली, पण लगेच हसू ओसरलं. "वन्सं शेळगावासनं पहाटं उठून आल्या. कशाला उगं त्यांचं मन मोडा. म्हटलं, बघू, जगतील. तुम्हीबी मला सांगितलं न्हाय, मीबी तुम्हाला न्हाय. मासं बिचारं मधल्या मधी."

साखरबाई पिठाचे हात घेऊन दारात आली. "काय झालं? अशी तोंडं का केलीत दोघांनी?" रोहिणीनं मानसिंगकडे पाहिलं, नुसतं पाहिलं. पुस्तकातलं सगळं त्याला आठवत होतं आणि त्यातलं काहीच इथं उपयोगाचं नव्हतं. मग त्याच्या तोंडून भलतंच निघालं. "आक्का, आबा शेतात मेंढरं बसवायचं, तुला आठवतं?"

"आता? मेंढरं? आठवतं की. रातभर बसली की सकाळी रान काळंभोर. बागायतदार पायलीनं धान्य द्यायचा त्या लेंड्यांसाठी."

"समज, मेंढरं उठल्यावर कुणी ते रान धुऊन काढलं. लख्ख. एक लेंडी ठेवली नाही. तर?"

"असलं येडं कोन करंल?" ती म्हणाली आणि थांबली. तिनं टाकीकडे बघितलं, वर आलेल्या तोंडांकडे, मग आपल्या हातांकडे. पीठ भरलेल्या बोटांनी तिनं पदर तोंडाला लावला. मानसिंगला वाटलं, झालं, हेच व्हायला नको होतं. पण पदर खाली आला तेव्हा तिचे डोळे तांबडे नव्हते, संतापलेले होते. "मुडद्या! मंग तवाच त्वांड का उघडलं न्हाईस? उभा ऱ्हाऊन बघत व्हतास, वर बरं झालं म्हन्तोस! येवढी बुकं वाचून मिठाची गुळणी धरलीस!" मग रोहिणीकडे वळून, खालच्या आवाजात, "आगं, मला काय ठावं गं. म्या आपलं चांगल्यासाठी…"

"मला म्हाईत न्हाय का, वन्सं?" रोहिणी म्हणाली.

साखरबाईनं नाक पुसलं, पीठ नाकाला लागलं. "असली घाण आणिक कुठं मिळंल?"

"हौदाच्या भोकात," रोहिणी पटकन म्हणाली. जणू त्या दिवसापासून हे उत्तर तयार ठेवून ती कुणी विचारायची वाट बघत होती.

"त्यो काळा बोळा? त्येलाबी हात घातला व्हता म्या धुवायला. वास आला म्हनून सोडला."

"मी जातो," मानसिंग म्हणाला. म्हणताना त्याला भवानीनगरच्या घरमालकाचं दार, बेल, 'काय विसरलं का?' हा प्रश्न, आणि स्पंज मागताना अडखळणारी आपली जीभ, हे सगळं दिसलं. पण आक्कानं हात धुतले होते, पायात वहाणा घातल्या होत्या. "तू गेलास की त्येनी चहा देतील, तू पिशील आन् बोळा मागायचं इसरून माघारी येशील. तू हितं थांब. माशांकडं बघ."

दुपारभर तो मगानं टाकीतलंच पाणी घेऊन उंचावरून परत ओतत राहिला, पाण्यात हवा मिसळावी म्हणून. आधी हळू, भिंतीला धार लावून, आवाज होऊ नये असं. "वरून ओता," रोहिणी म्हणाली. "आवाज येऊ द्या की." त्यानं हात उंच केला. नव्या, रिकाम्या खोलीत पाण्याचा आवाज भरून राहिला, चारीला पाणी सुटतं तसा. ती डोळे मिटून ऐकत होती. मानसिंगला वसतिगृहाची भिंत आठवली, आणि तिला टेकून धडा ऐकणारी आक्का. हात दुखायला लागला, खांद्यातून कळ निघू लागली, तहानेनं घसा कोरडा पडला. पण दाराआड जायचं म्हणजे मग खाली ठेवायला हवा होता. एक मासा आडवा झाला होता. धार पडली की तो सरळ होई, पुन्हा आडवा होई. आपण दिलेला शब्द एवढासा आहे, त्या माशाएवढा, असं त्याला वाटलं, आणि तो ओतत राहिला.

उन्हं कलायच्या आत साखरबाई आली. जिना चढून धापा टाकत तिनं पदराखालचा स्टीलचा डबा काढला, दोन्ही हातांनी, पोटाशी धरलेला. "धुतला न्हाय बरं का," तिनं आत पाऊल टाकायच्या आधीच सांगून टाकलं. "हौदातलंच पाणी घालून आणलाय. यस्टीत शेजारची बाई नाकाला पदर लावून म्हन्ती, मावशे, डब्यात काय मेलंय का? म्हनलं, मेलं न्हाय बाई, जित्तं हाय." झाकण निघालं आणि खोलीभर शेवाळाचा, जुन्या अंगणाचा वास पसरला. काळपट, बुळबुळीत, आकार हरवलेला तो बोळा मानसिंगनं तळहातावर घेतला. तो जड होता. त्यानं तो टाकीतच एकदा दाबला, आणि तपकिरी ढग उठून शेपूतून, मेथीतून, पातीच्या फितींमधून पसरत गेला. निवळशंख पाणी बघता बघता गढूळ झालं. मग त्यानं तो निळ्या स्पंजाच्या जागी बसवला. आता काय होईल हे पुस्तकात नीटसं लिहिलेलं नव्हतं. कदाचित वाचतील, कदाचित काही वाचतील. तिघंही त्या गढुळात बघत राहिले. आडवा होणारा मासा दिसेना. मग पातीच्या बुडाशी काहीतरी हललं, सरळ, खाली. तो होता की दुसरा, हे सांगता येत नव्हतं.

साखरबाई भिंतीला धरून उठली. उन्हातून आल्यावर तिनं पाण्याचा थेंब घेतला नव्हता. घरची रीत लक्षात ठेवून ती मुकाट्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडे निघाली.

"वन्सं," रोहिणी म्हणाली. "हितं बसून प्या."

आक्का थांबली, तिनं मानसिंगकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. "सगळी दाराआड जाऊन का पितात?" रोहिणी म्हणाली. रागावून नाही, खूप दिवस विचारायचं राहून गेलेलं विचारावं तशी. "मला काय ऐकू येत न्हाय का? तांब्या उचलल्याचंसुद्धा येतं. बघू द्या की. बघितलं की भागती, कितींदा सांगितलं मी. यांना वाटलं, माशांचंच म्हणते."

साखरबाईनं तांब्या आणला. रोहिणीच्या समोर, जमिनीवर मांडी घालून ती बसली, मान मागं टाकली आणि वरून धार धरली. शेतावर पितात तशी. घोट खाली उतरताना तिच्या सुरकुतल्या गळ्यात दिसत होता. पाणी हनुवटीवरून ओघळलं, पोलक्यावर सांडलं, तिनं पुसलं नाही. रोहिणी बघत होती, टाकीकडे बघायची तशीच, ओठ किंचित विलग. तांब्या रिकामा झाल्यावर तिनं लांब श्वास सोडला. मग तिनं मानसिंगकडे पाहिलं.

तो आत गेला आणि पेला भरून बाहेर आला. इतक्या वर्षांत तिच्यासमोर तो कधी पाणी प्याला नव्हता, आणि आता पाणी कसं पितात हेच त्याला आठवेना. पेला दातांवर वाजला. पहिला घोट त्यानं सवयीनं आवाज न करता गिळला. रोहिणी खुर्चीत पुढं सरकली. दुसरा घोट मोठा आला, घशात मोठ्यानं वाजला, त्याला लाज वाटली आणि तो थांबला. पेल्यात पाणी उरलं होतं. मागं गढूळ टाकीत फिल्टर हलके हलके गुरगुरत होता.

"अजून थोडं प्या," ती म्हणाली.